न मारलेली गाठ

तुमच्या अंगावर आत्ता जे कापड आहे, ते विणलं जात असताना मागाशेजारी उभ्या असलेल्या बाईनं शेवटचं पाणी कधी प्यायलं होतं, हे तुम्ही कधी कोणाला विचारलंय?

नसेलच विचारलं. मीही विचारलं नव्हतं. माझ्या बाबतीत ही गोष्ट जास्त लाजिरवाणी, कारण अशाच एका बाईच्या घरात मी राहत होते, तिच्या हातची कळण्याची भाकर खात होते, आणि रोज संध्याकाळी तिच्याच ओट्यावर बसून कामगारांच्या हक्कांवर पानंच्या पानं लिहीत होते.

एप्रिल आला की जळगावच्या गच्च्यांवर जुन्या साड्या पसरल्या जातात आणि त्यांच्यावर बिबड्या, कुरडया वाळत पडतात. केळीच्या गाड्या पहाटेच निघून जातात. दहा वाजता रस्त्यावरची सावली दुकानांच्या पायऱ्यांखाली शिरते ती पाच वाजेपर्यंत बाहेर येत नाही. आणि नेमकं याच दिवसांत आमच्याकडे परीक्षा घ्यायची असं कोणीतरी कधीतरी ठरवून ठेवलेलं आहे.

मी आता कॉलेजात शिकवते. परवा परीक्षेच्या हॉलमध्ये माझी ड्यूटी होती. शिपाई शांतारामभाऊ एका हातात बादली, दुसऱ्या हातात स्टीलचा ग्लास घेऊन बाकाबाकाशी थांबत होते. "पानी, ताई? पानी, भाऊ?" एका मुलीनं डाव्या हातानं ग्लास घेतला आणि उजव्या हातानं लिहिणं चालूच ठेवलं. तीन तासांच्या पेपरात शांतारामभाऊ तीन फेऱ्या मारतात. त्यांना सांगावं लागत नाही. पेपर लिहिणाऱ्या माणसाला तहान लागते, हे इथे सगळ्यांना मान्य आहे.

माझ्या टेबलावर पुरवण्या बांधायच्या पांढऱ्या दोऱ्याची जुडी होती. एक मुलगी पुढे येऊन पुरवणी बांधू लागली. तिची गाठ फुगली, भोकातून सरकेना. मी नकळत तिच्या हातून दोरा घेतला, दोन टोकं एकावर एक आडवी ठेवली, अंगठ्याखाली दाबली, वळसा दिला आणि ओढली. मोहरीएवढी गाठ. भोकातून सुळकन गेली.

"मॅडम, हे कुठं शिकलात?"

"धुळ्याला," मी म्हणाले. "परीक्षेच्याच दिवसांत."

तेवढ्यानं ती सगळी एप्रिल-मेची झळ पुन्हा अंगावर आली. तापलेला पत्रा, ओलं सूत, खळीचा आंबूस वास. आणि राधाअक्का.

राधाअक्का माझी सख्खी आत्या. वडिलांची थोरली बहीण. तिला सगळी गल्ली अक्का म्हणायची म्हणून मीही अक्काच म्हणायचे. धुळ्याला, पांझरेपासून हाकेच्या अंतरावर, दोन खोल्यांत ती एकटी राहायची. मी चाळीसगावहून कॉलेजसाठी तिच्याकडे आले होते. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी विशीत होते आणि जग बदलायला दोन वर्षं पुरतील असं मला वाटत होतं.

असं वाटण्याला कारण होतं. माझे वडील चाळीसगावात एका लहानशा छापखान्यात खिळे जुळवायचे. मोर्चा कोणाचाही असो, पत्रकं तिथंच छापली जात. बिघडलेले कागद वडील घरी आणत. त्यांची मागची कोरी बाजू म्हणजे आमच्या वह्या. आमचे डबे पत्रकांत बांधलेले, कपाटात पत्रकं अंथरलेली, खिडकीच्या फुटक्या काचेवर पत्रक चिकटवलेलं. मी अक्षरओळख शिकले ती त्यावरच. बाकीची मुलं 'कमळ', 'गवत' वाचत होती तेव्हा मी 'हाणून पाडा' वाचत होते. पहिलीतल्या बाईंनी एक वाक्य लिहायला सांगितलं, तर मी लिहिलं, 'बंधूंनो आणि भगिनींनो, आता तरी जागे व्हा.' बाईंनी वडिलांना बोलावून घेतलं. वडील घरी येऊन आईला अभिमानानं म्हणाले, "एकही काना चुकला नाही."

तर अशी मी. आणि अक्का गावाबाहेरच्या एका शेडमध्ये मागावर कामाला.

त्या शेडमध्ये आधी जुने माग होते. धोटा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे पळायचा आणि त्याच्या पोटात सुताची कांडी असायची. कांडी लहान, काही मिनिटांत रिकामी व्हायची. रिकामी झाली की माग थांबायचा, बाई नवी कांडी घालायची, माग पुन्हा सुरू. दिवसभर खटाखटा, मग शांतता, मग खटाखटा. अक्का त्या कांड्या भरायची आणि टोपल्या भरभरून मागांपर्यंत वाहायची. तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आलेला होता. फोटोत ती नेहमी वाकडी उभी आहे असं वाटतं.

मग शेडच्या मालकानं, म्हणजे शेठनं, सगळे माग बदलले. परदेशात वापरून झालेले, इथे नवे म्हणून मिरवणारे सोळा माग आले. त्यांना धोटा नव्हता. प्रत्येक मागाच्या कडेला लोखंडी स्टँड, त्यावर कळशीच्या पोटाएवढे सुताचे दोन कोन. कोनावरून सूत निघायचं आणि एका लहानशा फिरत्या ढोलावर गुंडाळलं जायचं. त्याला फीडर म्हणत. बायका त्याला भोवरा म्हणायच्या. भोवऱ्यावर थोडं सूत कायम शिलकीत असायचं. माग जेवढं ओढेल तेवढं तो द्यायचा आणि लगेच कोनावरून तेवढंच पुन्हा गुंडाळून घ्यायचा. मागाला कधी वाट बघावी लागायची नाही.

आणि खरी करामत त्या दोन कोनांत होती. कोन गुंडाळताना त्याचं अगदी आतलं टोक बाहेर मोकळं ठेवलेलं असायचं. त्याला शेपूट म्हणत. चालू कोनाचं शेपूट शेजारच्या भरल्या कोनाच्या वरच्या टोकाला बांधून ठेवायचं. पहिला कोन संपता संपता सूत आपोआप दुसऱ्यावर उडी मारायचं. माग थांबायचा नाही. मग बाईनं रिकामा कागदी कोन काढायचा, नवा भरला कोन बसवायचा आणि चालू कोनाचं शेपूट त्याला बांधायचं. गाठ बारीक हवी. जाडी झाली तर भोवऱ्याच्या डोळ्यात, म्हणजे सूत जायच्या भोकात, अडकते, सूत तुटतं, मागावर लाल दिवा लागतो आणि देखरेख करणाऱ्या मास्तरांची शिट्टी वाजते.

शेडच्या भिंतीवर शेठनं निळ्या रंगात लिहून घेतलं होतं: 'अखंड पुरवठा, अखंड उत्पादन.'

अखंड हा शब्द मला तोवर देवळातल्या नंदादीपापुरता माहीत होता.

माझे पेपर महिनाभर पसरलेले होते. दोन पेपरांच्या मध्ये आठ-आठ दिवसांची सुट्टी. शेडमधली एक बाई मुलीच्या लग्नासाठी रजेवर गेली, तेव्हा अक्कानं मला तिच्या जागी बदली म्हणून नेलं. "अभ्यास बठ्ठा व्हई गया ना तुना? मंग चाल. हात चालाड." चार बाया, सोळा माग. अक्का, शहनाजबी, सुमन आणि मी.

पहिल्या दिवशी मी गजऱ्याला मारतात तशी गाठ मारली. पाच मिनिटांत लाल दिवा. अक्कानं येऊन ती गाठ दोन बोटांत धरली, उजेडात नेली आणि सगळ्यांना दाखवली.

"काय वं पोरी, ही गाठ शे का लाडू शे?"

शहनाजबी हसत म्हणाली, "अक्का, भतीजी को शादी में लाडू बांधने भेज दो!"

दुसऱ्या दिवशी मला गाठ जमली. तिसऱ्या दिवशी मला कळलं की गाठ जमणं हा सगळ्यात सोपा भाग आहे.

शेडच्या खिडक्या बंद होत्या, काचांना चुना फासलेला. सूत कोरड्या हवेत तुटतं. खानदेशातल्या मे महिन्यात तर ते नुसतं बघितलं तरी तुटेल. म्हणून छताला पंखे होते आणि त्या पंख्यांतून पाण्याचा बारीक फवारा सतत पडत असायचा. तो सुतासाठी. हवा ओली, पत्रा तापलेला, आतमध्ये भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवल्यासारखी वाफ. आमच्या भुवयांवर थेंब साचायचे. मी पहिल्या दिवशी जीभ बाहेर काढून ते धुकं चाटलं. सुमननं बघितलं आणि हसली नाही. तीही तेच करत होती.

प्यायच्या पाण्याचा माठ फाटकापाशी होता, पहारेकऱ्याच्या खोलीत. संडासही तिकडेच. मधलं अंगण उन्हानं पांढरं पडलेलं. आणि पाळीच्या मध्ये बाहेर जायचं नाही, असा नियम. सकाळी सातला आत, दुपारी तीनला बाहेर. भाकर मागाशेजारी उभ्यानं खायची. बसायला काही नव्हतंच. रिकाम्या कोनांची खोकी होती, त्यांवर कोणी टेकलं की मास्तर म्हणायचे, "अक्का, घर नाही हे."

मास्तर वाईट माणूस नव्हते, हे सांगायला हवं. ते आमच्यासारखेच उभे असायचे. एकदा मी त्यांना विचारलं, "मास्तर, पाण्याचा फवारा चालतो, मग पाण्याचा माठ का चालत नाही?"

ते सरळ म्हणाले, "सूत कोरडं पडलं तर तुटतं, ताई."

"आणि माणूस?"

"माणूस तुटलेला दिसत नाही ना," म्हणाले आणि पुढच्या मागाकडे गेले.

त्या आठवड्यात माझा एक पेपर होता. मी कॉलेजच्या हॉलमध्ये बसले. तिथला शिपाई बादली घेऊन आला, "पाणी?" मी ग्लास तोंडाला लावला आणि मला एकदम कळलं की अक्का घरून निघताना कधीच पाणी पीत नाही. सकाळी उठल्यावर चहाचे दोन घोट, बस. मी तिला तांब्या पुढे केला की ती म्हणायची, "नको वं, आते नको." मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाची सवय. ग्लास हातात तसाच राहिला. पाणी प्यायलं तर जावं लागणार. जाता येत नाही. म्हणून ती पीतच नव्हती. सकाळी सहापासून दुपारी तीनपर्यंत. चुना फासलेल्या खिडक्यांच्या आत. मे महिन्यात.

शिपाई म्हणाला, "ताई, ग्लास द्या, पुढं जायचंय."

घरी आल्यावर मी विचारलं. आधी उडवून लावलं तिनं. मग चुलीकडे तोंड करून सांगितलं की लघवीला जळजळ होते, कधी रक्त दिसतं, दवाखान्यातल्या डॉक्टरांनी खडा आहे म्हणून सांगितलं आणि भरपूर पाणी पी म्हणून बजावलं. "त्यासले काय माहीत, मी कोठे उभी ऱ्हास."

मी पेटले. पेटणं मला येत होतंच. त्याच संध्याकाळी मी पत्रक लिहिलं. मथळा: 'रक्तपिपासू यंत्र हटवा! कामगार वाचवा!' त्यात मी लिहिलं की परदेशी भंगारातून आलेल्या या राक्षसी मागांनी आमच्या भगिनींचं जीवन हिरावून घेतलं आहे, यांचा अखंड पुरवठा आम्ही खंडित करू, वगैरे. चार पानं झाली. वडिलांनी वाचलं असतं तर एकही काना चुकलेला सापडला नसता.

ते अक्काला वाचून दाखवलं. ती बिबड्यांचं पीठ घाटत होती. शेवटपर्यंत ऐकलं. मग उलथनं बाजूला ठेवलं.

"झाय का?"

"झालं."

"तुले कोनी सांगं, मशीन हटाडा म्हनीसन? मशीननी मना खांदा वाचाडा. पहिले मी टोपल्या वाहू. रोज. आते कोनी वाहत नही. मशीनवर कसाले राग तुना?"

"पण अक्का, ते थांबतच नाही—"

"थांबत नही तेच ते बरं शे ना!" ती माझ्याकडे अशी बघत होती जशी बाई गणित चुकलेल्या मुलीकडे बघते. "एक कोन चालस, दुसरा बांधेल ऱ्हास. तीन तास सूत ऱ्हास त्यामा. मी दहा मिनिटं बाहेर गयी ते काय बिघडस? काहीच नही बिघडत. मशीनजवळ वेळ शे. शेठजवळ नही."

मी ती चार पानं मिटली.

आजपर्यंत मी जेवढं वाचलंय त्यात याच्या तोडीचं वाक्य मला सापडलेलं नाही. मशीनजवळ वेळ आहे. कोणा इंजिनिअरनं डोकं चालवून एक वस्तू केली होती, जिच्यामुळे बाईला मागाशी सतत उभं राहायची गरजच उरली नव्हती. तो वाचलेला वेळ गेला कुठे? तो कोणी घेतला? आणि मी चार पानं भरून त्या यंत्राला शिव्या घालत होते, ज्यानं तो वेळ निर्माण केला होता. तिच्याशी एकदाही न बोलता. तिच्याच घरात बसून.

"मग काय मागायचं?" मी विचारलं.

"दहा मिनिटं मांग. दोन वाजता, जवय जीव जास. पानी पेवाले अन् मोरीमा जावाले. अन् माठ आत." ती पुन्हा उलथन्याकडे वळली आणि वळता वळता म्हणाली, "अन् चार पानं कोन वाचीन? सुमनले वाचता येत नही."

ती पानं मी चुलीत घातली. पीठ चांगलं शिजलं त्यांच्यावर.

मास्तरांसमोर बोलायची सोय नव्हती, म्हणून नवं पत्रक रिकाम्या कागदी कोनांच्या आत लिहिलं गेलं. कोन संपला की रिकामी पुंगळी खोक्यात टाकायची, तिथं कोणी बघत नसे. मी कोळशानं आत एक तांब्या काढला आणि दोन आडव्या रेघा. तांब्या पाणी, रेघा दोन वाजले. अक्कानं तो बघून सुचवलं, "तांब्या मोठा काढ, हाई ते औशदनी बाटली दिसस." मी मोठा काढला. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत लहान पत्रक आणि सर्वांत जास्त वाचलं गेलेलं.

आधी रीतसर मागून झालं होतं, हेही सांगते. अक्का, शहनाजबी, सुमन तिघी शेठच्या टेबलापुढे जाऊन उभ्या राहिल्या होत्या. शेठ म्हणाले, एकीला सोडलं की सगळ्या जातील. अक्का म्हणाली, पाळीपाळीनं जाऊ, एक गेली की तिच्या मागांवर दुसरी नजर ठेवेल. शेठ म्हणाले, विचार करू. विचार करायला त्यांना सगळा उन्हाळा होता. अक्काला नव्हता. आदल्याच दिवशी ती शेडमध्ये मागाच्या लोखंडाला धरून वाकली होती, कपाळ पांढरं पडलं होतं, आणि शिट्टी वाजल्यावर तशीच सरळ झाली होती.

मग तो दिवस. सकाळपासून सगळं नेहमीसारखं. फक्त अकराच्या सुमारास पुढेमागे सगळे कोन संपले, तेव्हा कोणीच शेपूट बांधलं नाही. कोन संपला की नवा भरला कोन नीट स्टँडवर बसवायचा, दुरून बघणाऱ्याला सगळं ठीक दिसायचं. पण शेपूट मोकळं. दोन टोकं शेजारी शेजारी लोंबत, वितभर अंतरावर.

आम्ही बटणाला हात लावला नाही. काही तोडलं नाही, घोषणा दिल्या नाहीत. फक्त एक गाठ मारली नाही.

दीडच्या पुढे शहनाजबी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "देख लेना, मेरा पहले बंद होगा." आणि तसंच झालं. पावणेदोनच्या सुमारास तिच्या कोपऱ्यातला माग थांबला. लाल दिवा. शिट्टी. मास्तर तिकडे पोचतायत तोवर सुमनचा एक. मग अक्काचा. मग माझा, मग पुन्हा शहनाजबीचा.

सोळा मागांच्या आवाजात माणूस राहिला की त्याला आवाज ऐकू येत नाही, तो हवेसारखा होतो. त्यातून एकेक माग वजा होऊ लागला तेव्हा मला पहिल्यांदा आवाज ऐकू आला. जणू कोणी अंगावरची ओझी एकेक करून उतरवत होतं. शेवटी दोन माग उरले, मग एक, मग तोही ठप्प. आणि सोळा लाल दिवे. आणि छतातून सुतासाठी पडणाऱ्या पाण्याचा आवाज. तो इतका मोठा असतो हे आम्हां कोणालाच माहीत नव्हतं.

"कोणी बंद केले?" मास्तर ओरडले. आता ओरडायची गरज नव्हती, पण सवय.

"कोनीच नही, मास्तर," अक्का म्हणाली. "सूत सरनं."

"हा कोन भरलेला दिसतोय की!"

"दिसस ना. त्याले बांधं नही."

"का नाही बांधला?"

अक्कानं दोन्ही हात पुढे केले. बोटांची अग्रं पांढरी, सुरकुतलेली. "पानी पेवाबिगर बोटं चालत नहीत, मास्तर."

मास्तरांनी स्वतः गाठी मारायला घेतल्या. एके काळी तेही हे करायचे. पण चष्म्यावर फवारा साचत होता. पहिली गाठ गेली, दुसरी गेली, तिसरी डोळ्यात अडकली. आणि रिकाम्या झालेल्या भोवऱ्यांत सूत नव्यानं ओवायचं म्हणजे सोळा वेळा तीच कसरत. ते एकटे किती करणार? ते थांबले, चष्मा पुसला, आणि शेठना बोलवायला गेले.

शेठ आले तेव्हा अक्का एका उपड्या खोक्यावर बसलेली होती. शहनाजबीनं पदराखालून आणलेली बाटली आमच्यात फिरत होती. आम्ही तिघी शेठना बघून उठलो. खरं सांगते, मीही उठले. 'हाणून पाडा' वाचत वाढलेली मी, पाय आपोआप सरळ झाले. अक्का उठली नाही.

"अक्का, उठ आधी," शेठ म्हणाले.

"पानी पी राहिनी, शेठ."

"उद्यापासून यायचं नाही."

"उद्यानं उद्या दखू. आते हाई सरू द्या." आणि ती प्यायली. सावकाश. घोट घोट. मध्ये थांबून. मला वाटतं त्या शेडमध्ये तिच्याइतकं पाणी आणि इतकं मनापासून कोणीच कधी प्यायलं नसेल. बाटली खाली ठेवून, तोंड पदरानं पुसून मग ती म्हणाली, "शेठ, तुम्हनं सूत पानी पेस. आम्ही चार बाया पिऊत ते किती पिऊत?"

शेठ बंद मागांकडे बघत होते, आणि आम्ही शेठकडे. ओवता येणारी बोटं त्या पाळीत चारच जणींची होती आणि चौघी इथेच उभ्या होत्या. नाही, तिघी उभ्या आणि एक बसलेली.

"दहा मिनिटं," ते शेवटी म्हणाले. "पाळीपाळीनं. अकरावं मिनिट नको."

अक्का उठली तेव्हा. पहिल्या मागापाशी गेली, दोन टोकं घेतली आणि गाठ मारली.

आता त्या विजयाचं पुढे काय झालं, तेही लपवणार नाही. पत्रकांत ते कधी लिहीत नाहीत, म्हणून मी आता पत्रकं लिहीत नाही. माझी बदली संपली, मला पुन्हा येऊ नको म्हणून सांगण्यात आलं. अक्काला मागांवरून काढून मागच्या पडवीत तुटक्या सुताचा गुंता निवडायला बसवलं. ती शिक्षा होती. अक्का घरी आली ती हसतच. "बसीसन काम शे वं! अन् माठ बाजूले!" तिची जळजळ पावसाळ्यापर्यंत कमी झाली, खडा गेला. पण मागावरची बाई म्हणून तिची जी पत होती, ती गेली. पडवीत तिच्याशी कोणी बोलायला नसायचं. गाठ मारायची सवय बोटांना राहून गेली. संध्याकाळी ओट्यावर बसून बोलता बोलता ती पदराच्या दशांना गाठी मारत राहायची.

दोन वर्षांनी मी एकदा त्या शेडमध्ये गेले होते. शहनाजबी होती, सुमन होती. दुपारचे दीड वाजलेले. आत एका फळीवर माठ, त्यावर झाकण. आणि शहनाजबीच्या कोपऱ्यातल्या मागावर चालू कोनाचं शेपूट मोकळं लोंबत होतं, सगळ्यांना दिसेल असं. मी बघितलेलं पाहून ती म्हणाली, "रोज एक छोड़ती हूँ. दो बजे पानी पी के आती, फिर बाँध देती. भूलना नहीं चाहिए न. उनको भी, हमको भी." मास्तर शेजारूनच गेले. त्यांनी ते शेपूट बघितलं आणि शिट्टीला हात न लावता पुढच्या मागाकडे गेले.

परवा हॉलमधून बाहेर पडले तेव्हा अंगण तसंच पांढरं होतं. शांतारामभाऊ बादली उपडी घालून तिच्यावरच बसले होते. मी विचारलं, "भाऊ, तुम्ही प्यायलात का?" ते चमकले. "मी? नही ताई, सगयाले देता देता राही गयं." तीन तास पाणी वाटणाऱ्या माणसाला कोणी पाणी विचारलं नव्हतं. मीही, तीन तास त्यांना बघत असून.

म्हणून आता तुम्हाला एक काम सांगते. पत्रक नाही, कामच.

परीक्षा संपतील, लग्नसराई सुरू होईल. तुम्ही जळगावला, धुळ्याला, चाळीसगावला कापड घ्यायला दुकानात जाल. काउंटरमागे एक मुलगी असेल. ती तुमच्यापुढे एकामागून एक साड्या उलगडेल, हवं ते दाखवेल, नको ते घडी घालेल. ती सकाळपासून उभी असेल. तिच्यामागे स्टूल नसेल. त्या कापडाच्या एका टोकाला अक्का होती, दुसऱ्या टोकाला ही आहे. तिला विचारा, "ताई, पाणी प्यायलीस का?" हळू नका विचारू, गल्ल्यावरच्या शेठला ऐकू जाईल असं विचारा. मग त्याच आवाजात तिच्यासाठी एक स्टूल मागा. ते आणायला वेळ लागेल. हसतील, विषय बदलतील, तुम्हाला चहा मागवतील. चहा घेऊ नका.

ती बसेपर्यंत साडी पसंत करू नका. तुमच्याजवळ वेळ आहे.